फाउंडेशन इयरसकट क्रिमिनॉलॉजी-सोशिऑलॉजी: वर्ष संपत आल्यावर लिहितेय

"क्रिमिनॉलॉजी म्हणजे आता सीआयडीत जाणार का?" इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळींपासून सोलापूरच्या आत्याबाईंपर्यंत सगळ्यांचा हा एकच प्रश्न. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग हे फॉरेन्सिकवाल्यांचं काम, त्याला सायन्स लागतं आणि तो कोर्सच वेगळा. इंग्लंडमध्ये पोलिसात जायला तर पदवीशिवायही रस्ता आहे. आम्ही शिकतो ते हे, की अमुक गोष्ट गुन्हा आहे असं कोण ठरवतं, पकडलं कोण जातं, सुटतं कोण, आणि शिक्षा देऊन नेमकं साधतं काय. ज्यांना सिरीयल किलरमध्ये रस आहे त्यांचा पहिल्या महिन्यातच हिरमोड होतो. आमच्या वर्गातल्या काहींचा झालाच.

माझी बारावी कॉमर्सची, तीही वीसेक वर्षांपूर्वीची. मग लग्न, इंग्लंड, मुलं, शाळेत टीचिंग असिस्टंटची नोकरी. ए-लेव्हल (इथली बारावी) नाहीत. अशा लोकांना थेट पहिल्या वर्षाला घ्यायला विद्यापीठं कचरतात, म्हणून तीन वर्षांच्या बीएला आधी एक वर्ष जोडून देतात, तेच फाउंडेशन इयर. पास झालात की पुन्हा अर्ज न करता पहिल्या वर्षात. मी सप्टेंबर २०२५ला सुरू केलं आणि नेमका मुहूर्त चांगला लागला, कारण त्याच वर्षापासून इंग्लंडमध्ये आमच्यासारख्या वर्गात बसून शिकण्याच्या विषयांच्या फाउंडेशन इयरची फी ५,७६० पौंडांवर आणली. आधी ती ९,२५० पर्यंत असायची. पुढची तीन वर्षं मात्र पूर्ण फी, जी २०२५-२६ला ९,५३५ पौंड होती.

हे सगळं कर्जावर. इथल्या रहिवासी विद्यार्थ्यांना मिळणारं सध्याचं कर्ज असं आहे की पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापले जातात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. तेव्हा मी ऐंशीच्या आसपास असेन. नवरा म्हणाला, "बिनधास्त घे."

आता अभ्यास. फाउंडेशनचं अर्धं वर्ष गुन्हेगारीशी संबंध नसलेल्या गोष्टींतच जातं: निबंध कसा लिहायचा, लायब्ररीचा डेटाबेस कसा शोधायचा, संदर्भ कसे द्यायचे, टर्निटिनवर (नक्कल पकडणारी वेबसाइट) असाइनमेंट कशी चढवायची. अठरा वर्षांच्या मुलांना याचा कंटाळा येतो. मला विचाराल तर फीचे पैसे इथेच वसूल झाले. आपल्या शाळेत पुस्तकात आहे ते नीट उतरवलं की मार्क. इथे मी पहिल्या निबंधात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा १९३८चा सिद्धांत (समाज स्वप्नं सगळ्यांना विकतो, पण ती गाठायचे रस्ते सगळ्यांना देत नाही, मग काही जण आडवाट धरतात) अगदी व्यवस्थित मांडला. समासात ट्यूटरचा शेरा: "मर्टन काय म्हणतो ते मला माहीत आहे. तू कुठे आहेस?" मग कळलं की मर्टनला श्रीमंतांच्या गुन्ह्यांचा हिशोब नीट लागत नाही, असं म्हणायचीही मुभा आहे. उलट तसं म्हणणं अपेक्षितच आहे. फक्त कशावरून, ते दाखवावं लागतं.

मार्कांबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. इथे ४०ला पास आणि ७०च्या वर फर्स्ट क्लास; ८० कोणाला पडलेले मी पाहिलेले नाहीत. मला ६२ पडले तेव्हा ट्यूटरने पाठ थोपटली आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "बासष्टच? बरं नव्हतं का गं?" आमच्याकडे या वर्षाचे मार्क पदवीच्या श्रेणीत धरत नाहीत, म्हणून हातपाय मारून बघायला हे वर्ष बरं.

सगळ्यात जास्त शिकले ते कोर्टात. असाइनमेंट अशी होती की मॅजिस्ट्रेट्स कोर्टात (इथलं सगळ्यात खालचं फौजदारी कोर्ट) जाऊन बसायचं आणि पाहिलेलं लिहायचं. कोणीही जाऊ शकतं, फक्त फोन बंद आणि फोटो नाही. इंग्लंडमधल्या ९० टक्क्यांहून जास्त फौजदारी केसेस याच पातळीवर निकाली निघतात, आणि न्यायाधीशाच्या जागी बहुतेकदा दोन-तीन बिनपगारी सामान्य नागरिक बसलेले असतात. कायद्याची पदवी त्यांच्याकडे नसते. कायदा सांगायला पुढे एक सल्लागार असतो. विग वगैरे काही नाही. मी गेले त्या सकाळी एक बाई काचेमागे उभी होती. सुपरमार्केटमधून मटणाची पाकिटं आणि कपड्यांच्या साबणाचा डबा उचललेला. गुन्हा कबूल. मग सगळी चर्चा ती सरकारी भत्त्यातून आठवड्याला किती दंड भरू शकेल यावर. पाच पौंड ठरले. वरून सरचार्ज. न्यायाधीशाच्या जागी बसलेले गृहस्थ बोलत होते तिच्याबद्दल, बघत होते तिच्या वकिलाकडे. ती तिच्या जॅकेटची चेन वर-खाली करत होती आणि नाव पुकारलं तेव्हाच तेवढी थांबली. दहा-पंधरा मिनिटांत पुढची केस. त्या दिवसाच्या टिपणांवर लिहिलेला निबंध माझा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला उतरला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. इथे १९८२ पासून एक सर्व्हे चालतो, त्यात लोकांना घरी जाऊन विचारतात की गेल्या वर्षभरात तुमच्या बाबतीत काय काय घडलं, पोलिसांना सांगितलंत की नाही. त्यातून कळतं की बरंचसं पोलिसांपर्यंत पोचतच नाही. (खुनाचं मात्र त्यातून काही कळत नाही, उघड आहे.) पोलिसांच्या नोंदी इतक्या बेभरवशाच्या निघाल्या की २०१४ साली त्यांचा "नॅशनल स्टॅटिस्टिक्स" हा विश्वासार्ह आकडेवारीचा दर्जाच काढून घेतला गेला. हे शिकल्यापासून आपल्याकडच्या "अमुक शहरात गुन्हे वाढले" अशा एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारं सरकारी खातं) आकड्यांवरच्या बातम्या मी पूर्वीसारख्या वाचूच शकत नाही. तो आकडा नोंदवलेल्या गुन्ह्यांचा. ठाण्यात तक्रार घ्यायला लागले तरी तो वाढतो.

आणि सोलापूर. शिक्का मारण्याच्या सिद्धांतावर तास होता. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर, १९६३: एखादं कृत्य मुळातच गुन्हेगारी नसतं, ज्यांच्या हातात सत्ता आहे ते तसा शिक्का मारतात, आणि मग माणूस त्या शिक्क्यासकट जगायला लागतो. उदाहरणं सगळी लंडनच्या रस्त्यांवर पोलीस थांबवून झडती घेतात त्या काळ्या मुलांची. मी हात वर केला आणि सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल सांगितलं. १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्स कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, १९११च्या कायद्याने त्याचा विस्तार झाला, आणि आमच्या गावात पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जायची. ३१ ऑगस्ट १९५२ला ते मुक्त झाले, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केलाच. आणि माझ्या लहानपणीसुद्धा गल्लीत घरफोडी झाली की पंचनाम्याआधीच लोक सेटलमेंटचं नाव घेऊन मोकळे. ट्यूटरला कायदा माहीत होता, साम्राज्याच्या इतिहासातलं एक कलम म्हणून. कुंपण गेल्यावर काय झालं ते त्यांनाही नवीन होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मलाच पंधरा मिनिटं बोलायला लावलं.

तक्रारी आहेत. टाइमटेबल टर्म सुरू व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी हातात येतं; नोकरी आणि शाळकरी मुलं असणाऱ्यांनी करायचं काय? पर्सनल ट्यूटर वर्षाच्या मध्यात बदलला आणि नव्याला माझं नाव लक्षात राहीपर्यंत ईस्टर आला. ग्रुप प्रेझेंटेशन म्हणजे डोक्याला ताप: चौघांत दोघं गायब, आणि मार्क सगळ्यांना सारखे. आणि माहितीपत्रकावर पिवळी "पोलीस लाइन" टेप छापणं आता तरी थांबवा, पोरं त्यालाच भुलून येतात.

इथेच राहणाऱ्यांनी एक पर्याय जरूर तपासावा. कॉलेजातला ॲक्सेस टू एचई (म्हणजे उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठीचा) डिप्लोमा, तोही वर्षभराचा. त्याचं कर्ज घेतलंत आणि पुढे पदवी पुरी केलीत तर उरलेलं माफ होतं. शिवाय एकाच विद्यापीठाशी बांधले जात नाही. माझ्या घराजवळ वेळा जुळणारा मिळाला नाही म्हणून मी इकडे आले, नाहीतर बहुधा तोच केला असता.

भारतातून येणाऱ्यांचं गणित साफ वेगळं आहे. भाचा विचारत होता, त्याला सरळ सांगितलं की बारावीचे मार्क चांगले असतील तर आधी थेट पहिल्या वर्षाला अर्ज कर. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर मर्यादा नाही, एक वर्ष वाढलं की तेवढी फी वाढली, राहणं-खाणं वेगळं, आणि वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी) व्हिसाच्या वेळी एकदम भरायचा. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा होतोय. एजंट फाउंडेशनचं फार कौतुक करायला लागला तर त्याला कमिशन कोण देतं, ते विचार.

सप्टेंबरमध्ये पहिलं वर्ष. त्यात संशोधन पद्धतींचं मॉड्यूल सक्तीचं आहे, म्हणजे स्टॅटिस्टिक्स आलंच. बारावी कॉमर्सनंतर गणिताशी माझा संबंध फक्त दुधाच्या हिशोबापुरता उरलाय, तेव्हा उन्हाळ्यात मुलाकडून शिकवणी लावणार आहे. तासाला पाच पौंड मागतोय.