दोन्ही गुडघे एकदम की एकेक करून? थकव्याच्या बाजूने मांडलेला हिशेब

गुडघे बदलायचं नक्की झालं की घरात चर्चा तीन गोष्टींची होते. डॉक्टर कोण, खर्च किती, आणि दोन्ही एकदम की आधी एक. तिसऱ्या प्रश्नाचा निकाल बहुतेक वेळा मुलांच्या रजेवर लागतो. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे, तो पुण्याहून पुन्हा पुन्हा कसा येणार?" मी घरोघरी जाऊन ऑपरेशननंतरचे व्यायाम करून घेते, त्यामुळे माझी गाठ पडते ती हा निकाल लागून गेल्यावर. पहिल्या आठवड्यात तक्रार दुखण्याची असते. नंतर सूर बदलतो: "दुखणं सोसेन गं, पण अंगात त्राणच उरलं नाही." या थकव्याचा विचार निर्णयाच्या वेळी कुणी केलेला नसतो.

दोन्ही गुडघे एकदम करणं तुमच्या प्रकृतीला झेपेल की नाही, हे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि गरज पडल्यास हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांनी "नको" म्हटलं तर पुढचं वाचायचं कारण नाही. "दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा" असं ज्यांना सांगितलंय, त्यांच्यासाठी हे आहे.

रक्त: सगळ्यात मोठा फरक इथे पडतो

एका गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन साधारण दोन ते तीन ग्रॅमने उतरतं. हाड कापलेलं असतं, त्यामुळे टाके घातल्यावरही आतल्या आत रक्त पाझरत राहतं. म्हणून सगळ्यात कमी आकडा ऑपरेशनच्या दिवशी न दिसता दोन-चार दिवसांनी दिसतो, म्हणजे नेमका घरी जायच्या सुमारास. ट्रानेक्सॅमिक अॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या वापरामुळे रक्तस्राव पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे, पण थांबलेला नाही.

आता हिशेब करू. बारा हिमोग्लोबिन असलेली बाई एका गुडघ्यानंतर साडेनऊ-दहावर येते. थकते, पण वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, दुपारी झोपून उठली की तरतरी येते. तिचेच दोन्ही गुडघे एकदम केले तर आकडा आठच्या आसपास जाऊ शकतो. तिथे रक्त चढवायचा विचार सुरू होतो. चढवलं तरी पुढचे काही आठवडे उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, चार पावलांत धाप, आणि व्यायामाला नकार. झीज भरून यायला दीड-दोन महिने सहज लागतात. आणि मुळात अकरावरच असणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाळी थांबल्यावर एक कारण कमी होतं, पण सगळ्यांना वाढून उरलेलं खायची सवय काही जात नाही.

त्यामुळे माझा पहिला सल्ला पर्याय निवडण्याच्याही आधीचा आहे. तारीख घेण्यापूर्वी निदान महिनाभर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेलं आढळतं, शाकाहारी असतील तर अधिकच. बायकांत बाराच्या आणि पुरुषांत तेराच्या खाली हिमोग्लोबिन असेल, तर कारण शोधून आधी ते वर आणायचं. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नसतील तर शिरेतून देता येतं. एवढं करूनही आकडा वर आला नाही, तर "दोन्ही एकदम" हा हट्ट सोडलेला बरा.

काही ठिकाणी मधला मार्ग सुचवतात: एकाच मुक्कामात आज एक गुडघा आणि चार-पाच दिवसांनी दुसरा. त्याचा एक खरा फायदा आहे. पहिल्या वेळी प्रकृती बिघडलीच तर दुसरं ऑपरेशन रद्द करता येतं. पण थकव्याच्या दृष्टीने मला हा पर्याय सगळ्यात कमी आवडतो. रक्त सगळ्यात खाली गेलेलं, झोप मोडलेली, भूक गेलेली, नेमकं त्याच वेळी दुसरं ऑपरेशन येतं.

पहिले पंधरा दिवस

एकच गुडघा केला असेल तर दुसरा पाय, भले तो दुखरा का असेना, भार घेतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे आम्ही शिकवतो. दोन्ही एकदम केलेल्यांना हे शिकवायचं तरी कसं, चांगला पाय कुठला? मग भार जातो दोन्ही हातांवर. खुर्चीतून, कमोडवरून, पलंगावरून दर वेळी हातांच्या जोरावर उठायचं. मनगटाला किंवा खांद्याला आधीच संधिवात असेल तर तिसऱ्या दिवशी गुडघ्यांपेक्षा खांदेच जास्त बोलतात. वॉकर घेऊन चालायला एरवीपेक्षा जास्त शक्ती लागते, त्यात रात्री तीनदा लघवीला उठावं लागत असेल तर सकाळ उजाडतानाच माणूस दमलेला असतो.

आणि थकणारी व्यक्ती एकटी नसते. एका गुडघ्याच्या रुग्णाला उठवायला एक माणूस पुरतो. दोन्हींच्या वेळी पहिले काही दिवस दोघं लागतात, त्यातलं एक तरी अंगाने धट्टंकट्टं हवं. पंचाहत्तरीचे काका एकटे काकूंना उठवणार असतील तर दोघंही पडतील. बायकोचे गुडघे एकदम करून घेतले आणि नवऱ्याची कंबर धरली, ही घरं मी पाहते.

"दुसऱ्याच दिवशी चालवतात" ही जाहिरात खोटी नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, दोन्ही गुडघे केलेल्यांनाही. पण वॉर्डात वीस पावलं टाकणं आणि घरी आंघोळ करून, साडी नेसून, जेवायला टेबलाशी येऊन बसणं यात फार अंतर आहे. रोबोटच्या मदतीने हाड अचूक कापता येतं. त्याने थकवा टळेल अशा आशेने जादा पैसे मात्र मोजू नका.

पुढचे महिने

इथे पारडं थोडं फिरतं. एकदम केलेल्यांचा थकवा खोल असतो, पण तो एकदाच येतो. पहिले सहा आठवडे कठीण, तीन महिन्यांच्या आसपास बराच सुधार, आणि पूर्ण ताकद यायला वर्षापर्यंत वेळ. एकेक करणाऱ्यांचा थकवा उथळ असतो, पण तो दोनदा भोगावा लागतो. मधल्या काळात तयार गुडघा दुसऱ्या दुखऱ्या गुडघ्यापायी अडकून पडतो. काहीजण तर दुसऱ्यासाठी परत जातच नाहीत. पहिल्या वेळच्या रात्री आठवतात आणि "आता राहू दे" म्हणतात.

मांडीच्या पुढच्या स्नायूचं काय होतं तेही समजून घ्या. पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याहून अधिक उतरते. सांध्यातली सूज त्या स्नायूला मिळणारी आज्ञाच अडवते, म्हणून पाय सरळ उचलायचा म्हटला तरी उचलला जात नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. एक पाय असा असेल तर दुसरा सांभाळून घेतो. दोन्ही असे असतील तर पाच मिनिटांचं उभं राहणंही मेहनतीचं होतं.

तरीही एका परिस्थितीत मी दोन्ही एकदमच्या बाजूने बोलेन. दोन्ही पाय सारखेच धनुष्यासारखे बाहेर वाकलेत, दोन्ही गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत, अशा वेळी एकच केला तर तो पाय सरळ आणि लांब होतो, दुसरा वाकडा आणि आखूड राहतो. मग चाल लंगडी होते, कंबर दुखते, आणि नवा गुडघाही जुन्याच्या बरोबरीने किंचित वाकवूनच वापरायची सवय लागते. मधले सहा महिने असे काढण्यात जी शक्ती जाते, ती एकदमच्या थकव्यापेक्षा कमी नसते.

एकेक करण्याचं सगळ्यांच्या माहितीतलं उदाहरण म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला, आणि उजवा जून २००१ मध्ये. मध्ये आठ महिने. पहिल्या वेळी ते पंचाहत्तरीचे होते. दुसऱ्या गुडघ्यानंतर जुलैच्या मध्यात ते आग्र्याला पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांच्याशी वाटाघाटींना बसले. हे उदाहरण "बघा, महिन्यात कामाला लागले" म्हणून लोक सांगतात. मी ते अंतरासाठी सांगते. दिमतीला सगळा देश असलेल्या माणसालाही दुसऱ्या गुडघ्याआधी आठ महिने मिळाले. तुमच्या दिमतीला रुग्णसेवेच्या ब्युरोकडून आलेली एक बाई आहे, तीही आठ ते आठ.

पैसा

यावर फार लिहिण्यासारखं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा घातली, पण एकदम करा की एकेक, इम्प्लांट दोन लागणारच. बचत होते ती एक भूल, एक शस्त्रक्रियागृह आणि एका मुक्कामाची. उलट बाजूला, विम्याची रक्कम बेताची असेल तर दोन ऑपरेशनं दोन वेगळ्या पॉलिसी-वर्षांत घेतल्यास दोन वर्षांची रक्कम वापरता येते. विम्यात या ऑपरेशनसाठी असलेला प्रतीक्षा कालावधी संपलाय का तेवढं आधी पाहा. ब्युरोच्या बाईचे पैसे एकेकमध्ये दोनदा जातात, हे लोक हमखास विसरतात.

माझा कल

वय सत्तरीच्या पुढे, हिमोग्लोबिन बाराच्या खाली, मधुमेह किंवा हृदयाचा काही इतिहास, घरात फक्त म्हातारा जोडीदार: यातल्या दोन गोष्टी लागू असतील तर एकेक. वय पासष्टच्या आत, हृदय-फुप्फुसं ठीक, दोन्ही पाय सारखे वाकलेले, आणि निदान तीन आठवडे रात्रंदिवस राहणारं धडधाकट माणूस: सगळं जुळत असेल तर एकदम. मुलाची परदेशातली रजा हे कारण या यादीत मी मुद्दाम धरलेलं नाही. तो तीन आठवडे येणार असेल तर ते तीन आठवडे एका गुडघ्यालाही नीट पुरतात. दोन्ही एकदम केले असतील तर तो परतीच्या विमानात बसतो तेव्हा खरी गरज अजून संपलेली नसते.

निवड कुठलीही असो, थकवा कसा काढायचा

व्यायाम एका दमात चाळीस मिनिटं करू नका. दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दोन्ही केलेल्यांनी सुरुवातीला पाच-पाच. दुखण्याची गोळी व्यायामाच्या पाऊण तास आधी येईल असं वेळापत्रक डॉक्टरांकडून बसवून घ्या. सूज आणि शीण दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असेल, तर काल जास्त झालं. त्या दिवशी निम्मं करा, शून्य नको. ट्रॅमाडॉल, प्रिगॅबालिनसारख्या औषधांनी दिवसभर गुंगी येते. ती थकव्यात मिसळते आणि ओळखू येत नाही. मात्रा कमी करता येईल का, हे विचारायला लाजू नका. मनाने बंद मात्र करू नका.

खाण्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. ऑपरेशन झालं की मऊ भात, पातळ वरण, साबुदाण्याची खीर. पथ्य म्हणे! जखम आणि स्नायू भरायला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या बाईला पंचाहत्तर ते नव्वद ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, अंड्यातून सहा, शंभर ग्रॅम पनीरमधून अठरा. म्हणजे प्रत्येक खाण्यात काहीतरी घालावंच लागतं: उसळ, दही, सोयाबीन, मासे, जे चालत असेल ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नका. अळिवाच्या लाडवात लोह असतं, तसा गूळही असतो, मधुमेह्यांनी तो मोजावा. आणि या तीन महिन्यांत उपवास नकोत. विठोबा समजून घेईल.

भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळची एकच वेळ द्या. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत. रात्रीची झोप पहिले काही आठवडे तुकड्यातुकड्यांतच येते, त्यात घाबरण्यासारखं नाही.

घाबरायचं ते याला: अचानक धाप, छातीत दुखणं, एकाच पोटरीला वाढती सूज आणि दुखणं, शौचाला काळी होणं, थंडी वाजून ताप, जखमेतून पाणी, किंवा नीट बोलणारा माणूस असंबद्ध बोलू लागणं. दोन्ही गुडघे एकदम केलेल्यांत तर "थकवा असेल" म्हणून एक रात्रही थांबू नका.

एकेक करणाऱ्यांसाठी दुसरी तारीख पक्की करायच्या आधीची माझी कसोटी सोपी आहे. हिमोग्लोबिन पहिल्या ऑपरेशनच्या आधी होतं तिथे परतलंय का? नव्या गुडघ्यावर भार देऊन एक जिना चढता येतो का? सलग पाच-सहा तास झोप लागते का? एकाचंही उत्तर "नाही" असेल तर तारीख महिनाभर पुढे ढकला, आणि रुग्णालयाच्या काउंटरवरून फोन आला तर तेच सांगा.