लापिएर यांची मॉर्गों: जुन्या वेलींची लाल वाइन

पारंपरिक म्हणवून घेणाऱ्या वाइनरी फ्रान्समध्ये पैशाला पासरी आहेत. ल्यों शहराच्या उत्तरेला, बोजोले प्रांतातील व्हिलिये-मॉर्गों या गावच्या, ‘मॉर्गों’ ही लाल वाइन करणाऱ्या लापिएर कुटुंबाची गोष्ट वेगळी, कारण येथे परंपरा आयती चालत आलेली नसून सोडून दिलेली पुन्हा उचललेली आहे. मार्सेल लापिएर यांनी १९७३ मध्ये घरची वाइनरी हाती घेतली, तेव्हा बोजोलेत रासायनिक खते, तणनाशके आणि पाकिटातील यीस्ट यांचा सुळसुळाट होता. रसायनशास्त्र जाणणारे वाइन व्यापारी झ्यूल शोव्हे यांच्या सल्ल्याने मार्सेल यांनी १९८१ पासून हे सारे हळूहळू बंद केले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले आणि आता मुलगा मातियो व मुलगी कामीय त्याच पद्धतीने काम चालवतात.

गामे या द्राक्षजातीच्या त्यांच्या वेलींचे सरासरी वय साठीच्या घरात आहे. त्या झुडपासारख्या बुटक्या राखलेल्या असून झिजलेल्या ग्रॅनाइटच्या जमिनीत त्यांची मुळे खोल गेलेली आहेत. फळ बेताचे धरते, पण रसाला दाटपणा येतो. तोडणी हातानेच होते, आणि हा निव्वळ हट्ट नव्हे. घड न फोडता, देठांसह टाकीत भरायचे असतात. तळाचे मणी वरच्या भाराने फुटून आंबू लागतात, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने टाकी भरते आणि वरच्या अखंड मण्यांच्या आतच किण्वन सुरू होते. सालीचा तुरटपणा फारसा न उतरता फळाचा वास ठळक राहतो, तो यामुळेच. पुढे ही वाइन जुन्या पिंपांत मुरते, त्यामुळे नव्या लाकडाचा वास तिला लागत नाही.

पेल्यात ती किंचित गढूळ दिसते, चेरी आणि रासबेरीचा वास सरळ नाकात भरतो आणि घोट हलका वाटला तरी चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. थोडी गार करून प्यावी. बेताच्या तिखट कोंबडीच्या रश्शाशीही तिचे जमते. झणझणीत तांबड्या रश्शापुढे मात्र तिचा निभाव लागणार नाही. बोजोलेच्या मानाने किंमत चढी आहे, पण नोव्हेंबरात घाईने विकल्या जाणाऱ्या ‘नूव्हो’ या कोवळ्या वाइनशी तिची तुलनाच नको.

खरेदी करताना बाटलीवरचे बारीक अक्षर जरूर पाहावे: ‘एन’ म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फर वरून न घातलेली, ‘एस’ म्हणजे भरताना अगदी थोडे घातलेली. माझे मत ‘एन’च्या बाजूने आहे, कारण तिच्यात फळाचा ताजेपणा अधिक मोकळा लागतो, पण तिला उष्णता सोसत नाही, सतत १४ अंशांच्या खाली ठेवावे लागते. म्हणून ‘एन’ फ्रान्समध्येच प्यावी आणि पुण्या-नागपूरला सामानातून आणायची असल्यास ‘एस’च घ्यावी.