आचऱ्याजवळचा दवाखाना – आमच्या घरचा अनुभव (मोठं लिहिलंय, वेळ काढून वाचा)

सिंधुदुर्गात मालवणहून आचऱ्याकडे जाताना मध्ये एक दवाखाना आहे, त्याबद्दल लिहायचंय. डॉक्टरांचं आणि वाडीचं नाव मुद्दाम टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय की ताई जाहिरात नको, आहेत ते पेशंट नीट बघू द्या. पण आचऱ्याच्या बाजारात "मुंबयसून इलेले डॉक्टर खंय बसतत?" एवढं विचारलंत की कुठलाही रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो.

जुनं चिऱ्याचं घर, पुढे पडवीत बाकडी, आत तपासायची एकच खोली, आणि भिंतीवर फळा. फळ्यावर फी लिहिलेली आहे, पहिल्यांदा ३००, परत दाखवायला १५०, घरी येऊन तपासायचे ५००, आणि वर्षाचे एका कुटुंबाचे ३,००० भरले तर वर्षभर कितीही वेळा या. त्याखाली अजून एक ओळ आहे की लॅब, मेडिकल, हॉस्पिटल कोणाकडूनही कमिशन घेतलं जात नाही. ही ओळ वाचूनच मला बरं वाटलं होतं कारण कट प्रॅक्टिस (पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं) हा प्रकार आपल्याकडे सगळ्यांना माहितीये आणि उघड कोणी बोलत नाही. कोकणात त्यावर बोलणारे होते म्हणा, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली आणि २०२२ ला पद्मश्री मिळाली, त्यांनी कमिशनचा आलेला चेक परत करून मेडिकल कौन्सिलकडे तक्रारच केली होती.

तर आमचे हे डॉक्टर एमडी मेडिसिन आहेत, मुंबईत एका मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट होते. सोडलं का असं सगळेच विचारतात, मीही विचारलं. ते म्हणाले दर महिन्याला मीटिंग असायची, ओपीडीत आलेल्यांपैकी किती अ‍ॅडमिट झाले, किती एमआरआय झाले, त्याचा आकडा स्क्रीनवर, आणि शेजारी बाकीच्या डॉक्टरांचे आकडे. "कोणी मला चुकीचं कर असं सांगितलं नाही हो, पण ज्याला गरज नाही त्याला घरी पाठवलं की माझा आकडा खाली जायचा." एवढंच बोलले, कोणाचं नाव घेतलं नाही, मग लगेच सासूबाईंकडे वळून त्यांना विचारलं, आज जेवलात काय?

सासूबाईंचंच सांगते आता, कारण आम्ही गेलो त्यांच्यासाठी. वय ७४, शुगर आणि बीपी दोन्ही, आणि वर्षभर अधूनमधून चक्कर. घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, एकदा तर न्हाणीघराच्या दारात पडल्या. नणंद मुंबईला घेऊन गेली, तिथे एका हॉस्पिटलमध्ये मेंदूचा एमआरआय, मानेचा एक्सरे, कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, होल्टर (हृदयाचे ठोके नोंदवत राहणारं यंत्र) लावलं, सगळं नॉर्मल, बिल मात्र अजिबात नॉर्मल नव्हतं, आणि चक्करची एक गोळी वाढवून परत पाठवलं. तिथे कोणी वाईट वागलं असं नाही, पण दर वेळी डॉक्टर वेगळा, फाईल उघडायची, वरचा कागद वाचायचा, पुढे.

इथे डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या. पिशवीच नेली. त्यांनी ती टेबलावर ओतली आणि एकेक पाकीट उचलून चष्मा वर करून मागचं बारीक अक्षर वाचत बाजूला लावत गेले. दोन पाकिटं वेगळी काढली, एक हिरवं एक निळं, कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आत औषध एकच, बीपीचं टेल्मिसार्टन. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेली आणि सासूबाई इमानेइतबारे दोन्ही घेत होत्या. मग गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक निघाली. ती रोज घेतली तर बीपी वाढतो आणि किडनीवर ताण येतो, आणि सोबत बीपीच्या अशा गोळ्या असतील तर जास्तच, हे त्यांनी सासूबाईंनाच समजावून सांगितलं, माझ्याकडे बघून नाही.

आणि मग विचारलं, चक्कर कुठल्या वाराला येते?

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. सासूबाई जरा विचार करून म्हणाल्या, सोमवार. सोमवारी त्यांचा उपास असतो, दिवसभर चहा आणि एखादं केळं, आणि शुगरची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सकाळी नेमाने. ही गोळी पोटात अन्न असो नसो शुगर खाली खेचतच राहते, म्हातारपणी तर फारच, त्याचाच घाम, त्याचीच थरथर. पुढच्या सोमवारी संध्याकाळी घरी ग्लुकोमीटरवर बघायला सांगितलं, ५८ आली. गोळी बदलली, उपासाच्या दिवशी काय घ्यायचं काय नाही ते मोठ्या मराठी अक्षरात कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून आमच्या फ्रीजवर आहे. उपास सोडा असं एकदाही म्हणाले नाहीत. त्यानंतर चक्कर नाही. (वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका प्लीज, डॉक्टरांना विचारा.)

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माका इतक्या आजपर्यंत कोणीच इचारूक नाय गो." त्या शुगरच्या पेशंट होऊन कितीतरी वर्षं झालीत हो!

खाण्याचंही तसंच. मुंबईत डाएटचा छापील कागद मिळाला होता त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, आमच्याकडे आठवडी बाजारात यातलं काही मिळत नाही. हे डॉक्टर विचारतात पावसात सुकं किती खाता. कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरोघरी सुको बांगडो, सुकट, खारं (मीठ लावलेले मासे), शिवाय लोणचं, आणि मग जुलै-ऑगस्टला वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा बीपी वर. त्यांनी सांगितलं, खारं आधी पाण्यात भिजत घाला, ते पाणी टाका, पुन्हा नव्या पाण्यात घाला, आणि पेजेत वरून मीठ नको. एवढंच. हे करता येतं म्हणून आम्ही करतो.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे वेळ आणि तोच माणूस परत परत भेटणं, आणि हे नुसतं गोड बोलणं नाहीये. वेगवेगळ्या देशांत डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात यावर २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, स्वीडनमध्ये साधारण साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत बसलेल्या कोणालाही विचारा आपण कुठे बसतो ते. आणि नॉर्वेत २०२१ मध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या तर १५ वर्षांहून जास्त एकाच फॅमिली डॉक्टरकडे असलेल्या लोकांना अचानक हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ, पहिल्याच वर्षात असलेल्यांपेक्षा जवळपास २८ टक्क्यांनी कमी आली, मृत्यूही साधारण २५ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत तर बरेच डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलच्या साखळ्या आणि इन्शुरन्सची कटकट सोडून महिन्याची ठरलेली फी घेऊन थोडेच पेशंट नीट बघायचे असं करायला लागलेत. आमच्या डॉक्टरांची ३,००० वाली वर्षाची फी त्यावरूनच सुचली म्हणे, पण त्यांनी एक गोष्ट बदलली, ज्याला वर्षाचे भरणं परवडत नाही त्याला १५० देऊन येता येतं आणि तेही नसतील तर कोणी पडवीतून परत जात नाही. तिकडे या पद्धतीवर टीका हीच होते की पैसेवाल्यांना डॉक्टर मिळतो आणि बाकीचे उरलेल्या गर्दीत. वेल्समध्ये खाणकामगारांच्या गावात कित्येक वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ लाच लिहून ठेवलंय की जिथे उपचारांची गरज जास्त तिथेच ते कमी मिळतात, आणि बाजार जितका मोकळा तितकं हे जास्त. आपल्याकडे दोडामार्ग किंवा वैभववाडीच्या आतल्या गावातून यायचं असेल तर हे वेगळं सांगायला नको.

पैशाचं अजून एक. आपल्या योजना बघा, आयुष्मानचे ५ लाख, महात्मा फुले योजना, बहुतेक मेडिक्लेम, सगळे अ‍ॅडमिट झाल्यावर उपयोगी. कोणी अर्धा तास बसून गोळ्यांची पिशवी तपासली आणि त्यामुळे माणूस अ‍ॅडमिटच झाला नाही, तर त्याचे पैसे यातल्या कुठल्याच योजनेत नाहीत. मग मोठ्या हॉस्पिटलला अर्धा तास परवडणार कसा? म्हणून मला असं वाटतं की ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षाची फी भरावी. हा दवाखाना चालू राहायला हवा असेल तर तो कोणाच्या तरी पैशानेच चालणार ना, कमिशन तर ते घेत नाहीत.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) सांगायचं राहिलं. जुलैत लावणीच्या दिवसात आमच्या शेजारचा मुलगा तापाने फणफणला, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना. दुसरीकडे व्हायरल म्हणून इंजेक्शन देऊन पाठवलेला. इथे डॉक्टरांनी आधी पायच बघितले, टाचेला भेग, अंगठ्याजवळ जखम, चिखलात किती दिवस होतास, लघवी नीट होते का. संशय आला, डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू केली, रक्त पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलला पाठवायची चिठ्ठी दिली की लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर रात्री असाल तिथून निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः फोन केला. मुलगा बरा झाला, ओरोसला जायची वेळ आली नाही.

आता जे पटत नाही किंवा अडचणीचं आहे तेही लिहिते. एक म्हणजे थांबावं लागतं, भरपूर. नंबर फोनवर मिळतो पण आधीच्या माणसाचं चाललेलं असेल तर तुमची वेळ सरकतेच, घाईत असाल तर जाऊच नका. एक्सरे नाही, रक्त कणकवलीला जातं आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. रविवार बंद. रात्री नऊनंतर फोन उचलत नाहीत, तसं फळ्यावर लिहिलंय, आणि छातीत दुखणं, लकवा, साप चावणं असलं काही असेल तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, हेही लिहिलंय. मला हे पटतं पण ज्यांच्या घराकडे रेंजच नसते त्यांनी काय करायचं हा प्रश्न आहेच. मोठं काही निघालं तर शेवटी गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल नाहीतर कोल्हापूर, ते अंतर हे डॉक्टर कमी करू शकत नाहीत. चिठ्ठी मात्र अशी लिहून देतात की पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून विचारावं लागत नाही, आणि परत आल्यावर डिस्चार्जचा कागद स्वतः वाचून अर्थ सांगतात.

सलाईन मात्र मिळणार नाही. यावरून गावात बरीच नाराजी आहे, "सलाईन लावणत नाय, सुई मारणत नाय, मगे कसलो डॉक्टर" असं मी स्वतः पडवीत ऐकलंय. अशक्तपणा वाटला की बाटली लावायची सवय लागलेल्या भागात नाही म्हणायला धीर लागतो, कारण नाही म्हटलं की पेशंट उठून पुढच्या गावात जातो आणि तिथे लगेच लावून मिळते. डॉक्टर प्रत्येकाला तेच परत परत समजावतात, तोंडाने पाणी पिता येतंय ना, मग शिरेतून कशाला, आणि मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण सांगतात, एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा सपाट चमचा मीठ. काही जण ऐकतात, काही येत नाहीत परत.

माझी काळजी वेगळीच आहे. हे एकटे आहेत. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा पडवी अंगणापर्यंत भरते, आणि त्यांना स्वतःला ताप आला त्या आठवड्यात दवाखाना बंदच होता. कोणी तरुण डॉक्टर सोबत यावा म्हणून ते खूप बघतायत. तुमच्या ओळखीत कोणी फॅमिली मेडिसिन केलेलं असेल आणि इकडे यायची तयारी असेल तर कृपया त्यांना हे वाचायला द्या, राहायची सोय गावातले लोक करतील, हे मी खात्रीने सांगते.

पाचपैकी साडेचार. अर्धा थांबावं लागतं म्हणून कापलाय.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी साडेनऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, गुरुवारी दुपारनंतर ते घरी जाऊन पेशंट बघतात त्यामुळे दवाखान्यात नसतात. म्हाताऱ्या माणसाला नेत असाल तर सकाळचा नंबर घ्या, तेव्हा गर्दी कमी. फाईल विसरलात तरी चालेल, पण घरातल्या सगळ्या गोळ्या न्या, बंद केलेल्या, अर्ध्या राहिलेल्या, शेजारणीने दिलेल्या, आयुर्वेदिक, चूर्णं, सगळ्या.