बरक्या फणसाची पोळी आणि सुक्या आठळ्या

रत्नागिरीजवळच्या एका घरगुती उद्योगाकडून मागवलेली फणसपोळी बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या, फणसाच्या रसाची असून तिच्यात साखर बेताचीच घातलेली असल्यामुळे फणसाचा मूळ स्वाद पहिल्या घासालाच जाणवतो. रस ताटात पातळ पसरून उन्हात थरावर थर वाळवल्याच्या रेषा पोळीच्या कडेला स्पष्ट दिसतात आणि तुकडा तुटण्यापूर्वी किंचित ताणला जातो. चांगल्या पोळीची हीच खूण आहे. सोबतच्या सुक्या आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, भिजवून, सोलून भाजीत घातल्यावर छान पिठूळ शिजल्या. काप्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाचे तळलेले गरे मात्र तेलकट लागले. कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, भाजीपासून वीणेच्या लाकडापर्यंत उपयोगी पडणाऱ्या या झाडाचे बरके फणस पावसाळ्यात पुष्कळदा झाडाखालीच कुजतात. ते असे टिकवणाऱ्यांकडून पोळी मी पुन्हा आवर्जून मागवीन.