आयरिश सेंटरमधली नाताळभेट: पंगत उत्तम, परतीची गाडी ढिसाळ

वायव्य लंडनमधल्या एका आयरिश सेंटरात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक धर्मादाय संस्था ज्येष्ठांसाठी नाताळचं जेवण घेऊन येते. स्वयंपाक, वाढप, गाणं-बजावणं, भेटीच्या पिशव्या सगळं संस्थेचं. सेंटर हॉल आणि स्वयंपाकघर देतं. पैसे पडत नाहीत, नाव मात्र आधी नोंदवावं लागतं. सोबत सांभाळणारं कुणी येणार असेल तर तेही तेव्हाच सांगावं, कारण खुर्च्या मोजूनच मांडतात.

पन्नास-साठच्या दशकांत आयर्लंडहून बोटीने वेल्समधल्या होलिहेड बंदराला आणि तिथून गाडीने लंडनच्या यूस्टन स्टेशनला उतरलेली ही पिढी. पुरुष बहुतेक बांधकामावर, बायका इस्पितळांत नर्स. कॅम्डन, किलबर्न, क्रिकलवुड हे लंडनचे भाग त्यांनीच गजबजवले. कित्येकांनी लग्नं केली नाहीत, भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलं. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वेही नसते आणि बसही नसते, त्यामुळे एकटा माणूस ऐन सणाला घरात अडकतो. भेट आधीच्या आठवड्यात ठेवतात ती त्यासाठी, आणि ते शहाणपणाचं आहे.

टेबलं काउंटीनुसार, म्हणजे आयर्लंडमधल्या जिल्ह्यांनुसार, लावली होती: मेयो, केरी, गॉलवे, लीट्रिम. दाराशी बसलेली कार्यकर्ती नावाच्याही आधी ‘तुम्ही कुठले?’ विचारते आणि त्या टेबलापर्यंत हात धरून नेते. शेजारी आपल्या भागातला माणूस बसला की सूप येईपर्यंत गावं, शाळा, ओळखीची घराणी निघालेली असतात. या कार्यक्रमातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि तिला एक पैसा लागत नाही.

जेवण: टर्की, भाजलेलं हॅम, स्टफिंग, भाजलेले बटाटे, गाजर, ब्रसेल्स स्प्राउट्स, वर ग्रेव्ही. टर्की कोरडी होते ती कापून उघडी ठेवल्यामुळे. इथे ती पंगतीच्या अगदी आधी कापून, थोडा रस घालून, झाकणाच्या गरम भांड्यात ठेवली होती. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे गरम अन्न ६३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. आचारी दर फेरीला थर्मामीटर खुपसून आकडा लिहून ठेवत होता. स्प्राउट्स अर्धे चिरून मऊ शिजवलेले, कवळी लावणाऱ्यांना चावता येतील असे. ग्रेव्ही आणि क्रॅनबेरी सॉस टेबलावर वेगळे. हे बारकाईने केलेलं काम आहे: ग्रेव्हीत आणि स्टफिंगमध्ये गहू असतो, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांना क्रॅनबेरी टाळायला सांगितलेलं असतं. प्रत्येक पदार्थापुढे १४ अॅलर्जीकारक घटकांपैकी कोणते आहेत त्याची मोठ्या अक्षरांतली पाटी होती. ख्रिसमस पुडिंगच्या पाटीवर ब्रँडीचाही उल्लेख हवा होता. दारू सोडलेली माणसं या पंगतीत असतात, त्यांना ते कळायलाच हवं.

उरलेली टर्की घरी नेण्यावरून थोडी कुरबुर झाली. संस्थेने डबे दिले नाहीत, आणि ते योग्यच. तासाभराच्या प्रवासात कोमट राहिलेलं मांस कुणी रात्री खाल्लं, तर नाताळ इस्पितळात जायचा. त्याऐवजी बंद पाकिटातले मिन्स पाय, म्हणजे सुक्या फळांचं गोड सारण भरलेले छोटे पाय, दिले.

चहा कडक, दूध घालून, मागाल तितक्यांदा.

संगीताला अॅकॉर्डियन आणि फिडल. वादक तयारीचे, फर्माइशी घेणारे, आणि वॉल्ट्झ सुरू झाल्यावर वॉकर बाजूला ठेवून दोन जोड्या उठल्याही. ध्वनिव्यवस्था मात्र फसली. हॉलमध्ये श्रवणयंत्रांसाठी लूप आहे, म्हणजे माइकचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी वायर, पण संस्थेने आपला स्पीकर आणला आणि माइक लूपला जोडलाच नाही. मग लूप ऐकण्यासाठी यंत्र ‘टी’ या खुणेवर ठेवलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, आणि आवाज वाढवला की गोंगाटच वाढतो. माइकची वायर सेंटरच्या मिक्सरला लावायची, पाच मिनिटांचं काम. शिवाय जेवताना वादन बंद ठेवावं. ज्यांच्यासाठी टेबलं काउंटीनुसार लावली त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला नको का?

कोपऱ्यातल्या सल्ल्याच्या टेबलाचं कौतुक करावं तेवढं थोडं. बांधकामावर रोख मजुरी घेतलेल्यांचे नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे ज्यावर सरकारी पेन्शन ठरते ते, हप्ते अनेकदा भरलेच गेले नाहीत, आणि २०१० च्या आधीच्या नियमाने पुरुषाला पूर्ण पेन्शनसाठी ४४ वर्षांचे हप्ते लागत. अशांना पेन्शन क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणाऱ्या सरकारी पूरक रकमेचा, हक्क असू शकतो, आणि पात्र असल्यास ३ महिने मागचंही मिळतं. ७५ च्या पुढे त्याच्या जोरावर टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही पाहण्याचा वार्षिक परवाना, फुकट होतं. अर्ज तिथेच भरून देत होते. येताना बँकेचा कागद आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर आणा, असं निमंत्रणातच छापलं असतं तर आणखी कित्येकांचं काम त्याच दिवशी झालं असतं.

भेटीच्या पिशवीत जाड मोजे, चहा, शॉर्टब्रेड, मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, मुरंब्याची काचेची बाटली. वस्तू कामाच्या, पण वजन फार. लोक पिशवी वॉकरच्या दांड्याला अडकवतात आणि वॉकर पुढे कलंडतो. बाटली काढा, किंवा पिशव्या नंतर घरपोच करा.

परतीचं नियोजन सगळ्यात कच्चं. कार्यक्रम ३ ला संपला, दोन मिनीबस; व्हीलचेअर लिफ्टवर चढवून पट्टे बांधायला प्रत्येकी काही मिनिटं जातात. डिसेंबरात ४ वाजता अंधार. शेवटची मंडळी कोट चढवून थंड पॅसेजमध्ये ताटकळली. २ वाजल्यापासून लांबच्यांची पहिली खेप सोडली आणि बाकीच्यांना हॉलमध्येच बसू दिलं, तर हे टळेल.

क्रिकलवुडला लागूनच डॉलिस हिलमध्ये १९३२ पासूनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, आणि साठ-सत्तरच्या दशकांत आलेले आपले आजी-आजोबाही आता याच वयाचे आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमात जिल्ह्यानुसार टेबलं, चकलीसोबत चावायला सोपं काही, आणि पेन्शनच्या अर्जांचं टेबल एवढं तरी इथून उचलावं.

संस्थेकडे एक मागणी: डिसेंबरात सेंटरला पाहुण्यांची रीघ असते, जानेवारी रिकामा जातो. ६ जानेवारीला आयर्लंडमध्ये स्त्रियांचा नाताळ मानतात. त्या दिवशी घरकामाला सुट्टी घेऊन बायका एकत्र जमतात. त्या दुपारी चहा, केक आणि सल्ल्याचं टेबल एवढंच घेऊन या. वादक नसले तरी चालतील.