पपेन-युरिया मलम : जखमेतला मृत थर काढण्यासाठी कितपत उपयोगी?

मधुमेही माणसाच्या पायावरची जखम लवकर भरत नाही, याचे एक कारण असे असते की तिच्या तळाशी मृत ऊतींचा पिवळट, चिकट थर बसलेला असतो आणि तो निघाल्याशिवाय खालून नवे मांस धरत नाही. डॉक्टर मंडळी या थराला ‘स्लफ’ म्हणतात. तो काढण्याचा सर्वांत जलद उपाय शस्त्रक्रिया हाच. परंतु माझ्या सासऱ्यांचे हृदय अशक्त असल्याने त्यांना भूल देणे धोक्याचे होते, म्हणून पायाचा रक्तपुरवठा डॉप्लरवर तपासून घेतल्यानंतर सर्जननी पपेन-युरियाचे मलम लिहून दिले. हे मलम वेगवेगळ्या नावांनी मिळते, त्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून त्या औषधाचेच आहे.

पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातले प्रथिने तोडणारे विकर. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस चोळतात, तेव्हा जे घडते तेच येथे जखमेत, मात्र मोजून-मापून घडवले जाते. एकटे पपेन जखमेत फारसे परिणामकारक ठरत नाही. युरियामुळे मृत प्रथिनांची घडी उलगडते आणि मग विकराला ती तोडता येतात, म्हणून ही दोन्ही द्रव्ये एकत्र दिलेली असतात.

घरी ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टरांची पद्धत ठरलेली होती. जखम सलाईनने धुवायची, भोवतालच्या निरोगी कातडीवर झिंक ऑक्साइडचा थर द्यायचा, मलम फक्त पिवळ्या भागावर पातळ पसरायचे आणि वर ओलसर गॉझ ठेवून पट्टी बांधायची. “काका, थोडं झोंबेल, पण पाय ओढून घेऊ नका,” असे त्या आधीच सांगत. झोंबत असे, आणि ते थोडे नसे. मलम लावल्यावर बराच वेळ सासरे दात आवळून बसत. आग हा या औषधाचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. संवेदना बधिर झालेल्या पायाला ती कदाचित कमी जाणवत असेल, पण ज्याची संवेदना शाबूत आहे त्याला वेदनाशामक गोळी आधी द्यावी काय, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली की गॉझवर पातळ, तपकिरी-पिवळी लस दिसे आणि तिला उग्र वास येई. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जखम चिघळल्यासारखे वाटते. विरघळलेला स्लफ असाच दिसतो. पण लाली पसरणे, ताप येणे किंवा सूज वाढणे ही संसर्गाची लक्षणे असतात आणि त्या वेळी वाट पाहू नये. ही लस साचून राहिली तर जखमेच्या कडेची कातडी पांढरी पडून फुगते, म्हणून लस वाढेल तशी पट्टीही अधिक वेळा बदलावी लागते. थर हळूहळू सैल होत गेला, आधी कडेने सुटला आणि मग मधूनमधून लाल ठिपके दिसू लागले. मात्र ज्यांना तातडीने निकाल हवा आहे किंवा ज्यांच्या जखमेत पू पसरतो आहे, त्यांच्यासाठी हे मलम नव्हे.

आता एक तक्रार. आधीच्या एका दवाखान्याने याच मलमासोबत सिल्व्हर सल्फाडायझिनची क्रीम एकाच चिठ्ठीवर लिहून दिली होती. चांदी, शिसे, पारा यांचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पपेनला निष्क्रिय करू शकतात, म्हणजे एका औषधाने दुसऱ्याचा परिणाम घालवण्याचीच ती व्यवस्था होती. सर्जननी ती क्रीम लगेच बंद करवली. ट्यूबच्या खोक्यावरची सूचना इतक्या बारीक इंग्रजीत छापलेली होती की ड्रेसिंग करणाऱ्या घरच्या माणसाला ती वाचता येणे अवघडच.

अमेरिकेत सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या औषध नियामकाने पपेन असलेल्या, मान्यता न घेतलेल्या मलमांची विक्री थांबवायला सांगितली. रक्तदाब उतरणे, नाडी जलद होणे अशा गंभीर ॲलर्जीच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिले जाते. पपईची किंवा रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्याने ते आधीच सांगणे आवश्यक आहे. अननसाच्या देठातल्या ब्रोमेलेनपासून बनवलेले नेक्सोब्रिड हे औषध युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले, पण ते खोल भाजलेल्या जखमांसाठी असून रुग्णालयातच, साधारण चार तास लावून, वेदनाशामकांच्या आधाराने वापरतात. त्याची आणि या मलमाची तुलना करणे योग्य नाही.

टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली असेल आणि पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर ती खपली विरघळवण्याचा प्रयत्न सहसा करत नाहीत. ती तशीच कोरडी ठेवणे सुरक्षित असते. आमच्याकडे तळ लाल, दाणेदार दिसू लागताच सर्जननी मलम बंद करून साधे ओलसर ड्रेसिंग सुरू केले, आणि उरलेली ट्यूब घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही कापण्या-खरचटण्यावर लावायची नाही, असे बजावून सांगितले.