मोठी कंपनी, मधला ट्रान्सपोर्टर की दोन गाड्यांचा मालक? ड्रायव्हरची नोकरी धरण्याआधी

हेवी लायसन्स हातात आहे, दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय आणि प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितलाय. एक म्हणतो महिन्याचा पगार आणि वर किलोमीटरमागे भत्ता. दुसरा फेरीवर हिशेब करतो. तिसरा म्हणतो, "घरच्यासारखं राहा, पैशाचं बघून घेऊ." हे तीन आकडे शेजारी मांडून काहीच कळत नाही, कारण त्यातून कापलं काय जाणार हे कुणीच सांगितलेलं नसतं. माझ्या मते पारखायच्या गोष्टी दोनच: हिशेबाच्या दिवशी काय काय वजा होतं, आणि गाडी रस्त्यात अडकली तर तुमच्या बाजूनं कोण येऊन उभं राहतं. दोन्हींचा बराचसा पत्ता रुजू होण्याआधी लागू शकतो.

आधी खरा मालक शोधा

चाकण, भिवंडी, न्हावा शेवा, कुठेही बघा. कंटेनरवर नाव बड्या कंपनीचं असतं आणि गाडी मात्र 'अटॅच' असते, म्हणजे दुसऱ्याच कुणाची, कंपनीच्या कामाला लावलेली. 'अमुक कंपनीत लागलो' म्हणून घरी पेढे वाटले जातात आणि पगार देणारा निघतो सात गाड्यांचा कुणी व्हेंडर. तो वाईटच असेल असं नाही, पण तुम्ही कंपनीचे नियम गृहीत धरून होकार दिलेला असतो.

म्हणून जी गाडी मिळणार तिचा नंबर मागा आणि एमपरिवहन ॲपमध्ये टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, तरी कंपनी की व्यक्ती हे बहुतेक वेळा कळतं. फिटनेस, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे तेही तिथेच दिसतं. आता तीन नावं जुळतात का पाहा: आरसीवरचं (गाडीच्या नोंदणीपत्रावरचं), नेमणूकपत्रावरचं आणि ज्या खात्यातून पगार येणार त्या खात्याचं. तिन्ही वेगळी असली तर 'मालक कोण?' हे तोंडावर विचारा. नंबरच द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलण्यात फारसा अर्थ नाही.

मोठी कंपनी

हिची चौकशी सगळ्यात सोपी, कारण ती कागदावर खूप खुणा सोडते. कंपनी कोणत्या वर्षी नोंदली, चालू आहे का, तिच्यावर कोणाकोणाची कर्जं आहेत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतं. शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालही वाचता येतो.

पण ड्रायव्हरच्या कामाची खरी जागा म्हणजे ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवरची आस्थापना शोधायची सोय. कंपनीचं नाव टाकलं की पीएफ कोणत्या महिन्याचा, किती तारखेला आणि किती माणसांचा भरला, हे दिसतं. भरती करणारा माणूस 'आमच्याकडे तीनशे ड्रायव्हर' म्हणत असेल आणि पीएफ अठरा जणांचाच भरला जात असेल, तर उरलेले कोणाच्या नावावर आहेत हे विचारायला हवं. भरणा दर महिन्याला उशिरा होत असेल तर पगाराचंही तसंच असण्याची शक्यता मोठी.

फायदे उघड आहेत: पगार खात्यात, पीएफ, आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे आजारपणासाठीचा सरकारी विमा. गाड्या नव्या असण्याचीही शक्यता जास्त. काही ठिकाणी रिले पद्धत असते, म्हणजे चार-पाच तास चालवून गाडी पुढच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि परतीची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी. २०१४ साली सुरू झालेल्या रिव्हिगोनं हा प्रकार आपल्याकडे गाजवला. तिचा पार्सल वाहतुकीचा व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सनं घेतला. जिथे रिले आहे तिथे किलोमीटरचा भत्ता कमी पडला तरी मी तीच नोकरी वरच्या पायरीवर ठेवीन.

तोटे राहण्याच्या जागेपासून सुरू होतात. आज कळंबोलीला घेतील आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याच राज्यातल्या डेपोला पाठवतील. केबिनमध्ये कॅमेरा, जीपीएस, वेग ओलांडला की दंड, आणि लोड नसला की यार्डात नुसतं बसणं. सुपरवायझरला तुमचं नाव ठाऊक नसतं, गाडीचा नंबर ठाऊक असतो. मुलाखतीत विचारायचं ते हेच: बदली होते का, दंडाचा तक्ता दाखवा, आणि लोड नसलेल्या दिवसाचे पैसे किती.

मधला ट्रान्सपोर्टर

आठ-दहा गाड्यांपासून चाळीस-पन्नास गाड्यांपर्यंतचा हा वर्ग. सगळ्यात चांगले मालक इथेच भेटतात आणि सगळ्यात बेकारही इथेच. म्हणून वेळ इथे घालवा.

पीएफचा कायदा २० माणसांपासून लागतो, ईएसआय १० पासून. त्यामुळे काही जण एक फर्म स्वतःच्या नावानं, दुसरी भावाच्या, तिसरी बायकोच्या, अशी विभागणी करतात आणि प्रत्येकीत माणसं मर्यादेच्या आत ठेवतात. ऑफिसच्या पाटीवर एक नाव आणि बिल्टीवर (मालाबरोबरच्या पावतीवर) दुसरं दिसलं तर समजून घ्या. जीएसटी क्रमांक असेल तर नोंदणी कधीची आणि चालू आहे का, हे जीएसटी पोर्टलवर पाहता येतं. नोंदणी नसली म्हणून लगेच बिचकू नका. माल वाहतुकीत भाडं देणाऱ्यानंच कर भरायची पद्धत आहे, त्यामुळे बरेच सरळमार्गी ट्रान्सपोर्टर नोंदणीशिवाय चालतात.

पोर्टलपेक्षा इथे ड्रायव्हर जास्त सांगतात. त्यांना ऑफिसात गाठू नका, तिथे सगळे गोड बोलतात. त्या ट्रान्सपोर्टची गाडी कारखान्याच्या गेटबाहेर अनलोडिंगच्या रांगेत उभी असेल तेव्हा गाठा, माणूस रिकामा आणि वैतागलेला असतो. 'मालक कसा आहे?' विचारलंत तर 'चांगलाय' एवढंच उत्तर येईल. 'मागच्या महिन्याचा हिशेब किती तारखेला झाला?' असं विचारा. 'तुमच्या आधी या गाडीवर कोण होतं, तो का गेला?' हेही विचारा. बोलता बोलता गाडीभोवती एक फेरी मारा. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर (झिजलेल्यावर नवं रबर चढवलेले) लावलेत का, स्टेपनी हवा भरलेली आहे का, वायपरला रबर आहे का. पुढच्या टायरवर पैसे वाचवणारा मालक तुमच्या जिवावर वाचवतोय, त्याचं बाकी वागणं तपासायची गरज नाही.

एक-दोन गाड्यांचा मालक

त्याची माहिती इंटरनेटवर मिळणार नाही, ती तालुक्यात मिळेल. पंक्चरवाला, स्पेअर पार्टचा दुकानदार आणि पेट्रोल पंपाचा मॅनेजर यांना त्याची उधारी तोंडपाठ असते, आणि ज्याची तिथे उधारी थकते त्याच्याकडे ड्रायव्हरचीही थकते.

दोन गोष्टी नक्की काढा. गाडीवर कर्ज आहे का (आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असतं) आणि हप्ते वेळेवर जातात का. गाडी ओढून नेली तर परगावी हातात बॅग घेऊन तुम्ही उभे राहणार. दुसरं, भाडं बांधलेलं आहे की ब्रोकरकडचं. साखर कारखाना, डेअरी, सिमेंट असं बांधलेलं काम असेल तर महिन्याच्या फेऱ्यांचा अंदाज बांधता येतो. ब्रोकरवर चालणारी गाडी परतीच्या भाड्यासाठी चार-चार दिवस थांबते.

असा मालक माणूस म्हणून बरा असला तर नोकरी सुखाची होते. एकच गाडी तुमच्या हाताखाली राहते, घरचं कार्य असलं की फोनवर सुट्टी मिळते, निर्णय जागच्या जागी होतात. पण इंजिनचं काम निघालं की गाडीबरोबर तुमची कमाईही उभी.

डिझेलचा हिशेब, जिथे पगार गळतो

भत्त्यावरून लोक तासभर घासाघीस करतात आणि ॲव्हरेज मात्र विचारायचं राहतं. समजा जाऊन-येऊन १,४०० किलोमीटरची फेरी आहे. ऑफिस लिटरला ४ चं ॲव्हरेज धरून ३५० लिटर डिझेल देतं. गाडी प्रत्यक्षात देते ३.७. म्हणजे लागलं सुमारे ३७८ लिटर. २८ लिटरचा फरक, लिटरला ९० रुपये धरले तर २,५०० रुपयांच्या वर. महिन्यात अशा पाच फेऱ्या झाल्या तर साडेबारा हजार तुमच्या खिशातून गेले. ज्या कंपनीनं पगार दोन-तीन हजारांनी जास्त सांगितला म्हणून तुम्ही खूश होता, तीच आता सगळ्यात महाग पडली.

म्हणून विचारायचं असं: ॲव्हरेज भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वेगळं धरता का? खंबाटकी, बोर घाटासारखे चढ असलेल्या मार्गाला सूट आहे का? ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू राहतं, एसी लागतो, ते कोण मोजतं? मोठ्या कंपन्यांत हा आकडा गाडीच्या मॉडेलनुसार ठरलेला असतो, फक्त जुन्या गाडीलाही तोच लावत नाहीत ना ते पाहा. छोटा मालक टाकी फुल करून हिशेब करतो, तो बहुतेकदा ड्रायव्हरला परवडतो.

बाकी वजावटी पटकन: वराई आणि हमाली (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) कोण देतं, मालात शॉर्टेज, म्हणजे तूट, आली तर कोणावर, टायर फुटला तर कोणावर, थांबल्याचे म्हणजे हॉल्टिंगचे पैसे मालकाला मिळतात त्यातले तुम्हाला किती, आणि रस्त्यातली 'एंट्री', म्हणजे चिरीमिरी, फेरीच्या खर्चीत धरली आहे का. शेवटचा प्रश्न कुणाला आवडत नाही, तरी विचारा. ओव्हरलोडबद्दलही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, आणि स्टिअरिंगवर तुम्ही असता. 'चलन आम्ही भरू' हे वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

तास आणि झोप

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, लांबच्या मार्गाला परवानगीनं फार तर १० आणि ५४. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला आणि नेमणूकपत्र देणंही बंधनकारक झालं. रस्त्यावर हे तास कोण पाळतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे नियम न विचारता वेळापत्रक विचारा: पुणे ते दिल्ली किती दिवसांत धरता, आणि गाडीवर एक ड्रायव्हर की दोन?

'ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) संपेल' म्हणून रात्रभर पळवायला सांगणारे भेटतात. साध्या मालाच्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि मुदत वाढवूनही घेता येते. घाई मालकाची असते, बिलाची नव्हे.

अपघात झाला तर

इथे तिघांतला फरक सगळ्यात मोठा. अपघातात कुणाचा जीव गेला तर निष्काळजीपणाचा गुन्हा ड्रायव्हरवर नोंदला जातो. जामीन मिळतो, पण जामीनदार आणि वकील कुणीतरी उभा करावा लागतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी माणूस आणि ठरलेली पद्धत असू शकते, छोटा मालक आधी गाडी सोडवायला धावतो. हा प्रश्न जुन्या ड्रायव्हरला विचारा: 'शेवटचा अपघात झाला तेव्हा पोलीस स्टेशनला कोण आलं होतं?'

इन्शुरन्समधली एक गफलत फार पसरलीय. पॉलिसीवर १५ लाखांचं अपघात संरक्षण दिसतं ते गाडीच्या मालकासाठी, तो स्वतः चालवत असेल तेव्हाचं. पगारी ड्रायव्हरला ते लागू नाही. कामावर असताना तुम्हाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, एकच गाडी असली तरी. पण तुम्ही त्याच्याकडे कामाला होता हे सिद्ध करावं लागतं. नेमणूकपत्र नसेल तर खात्यावर आलेला पगार आणि लोडिंगचे मेसेज हाच पुरावा. रोखीनं पगार घेणाऱ्याकडे तोही नसतो.

मग कोणाकडे जायचं?

लायसन्स नवं आहे, घरी लहान मुलं आहेत, अडीअडचणीला हाताशी पैसा नाही, तर मोठी कंपनी. हातात थोडं कमी आलं तरी चालेल, फक्त पीएफ तुमच्या नावानं खरंच भरला जातो का हे पहिल्या दोन महिन्यांत उमंग ॲपवर तपासा. पाच-सात वर्षं गाडी चालवलीत, मार्ग आणि माणसं ओळखीची आहेत, तर बांधलेलं काम असलेला दोन गाड्यांचा मालक तुम्हाला जास्त देऊन जाईल. मधल्या ट्रान्सपोर्टरकडे मी तेव्हाच जायला सांगेन जेव्हा त्याचे किमान दोन ड्रायव्हर तीन वर्षांहून जास्त टिकलेले दिसतील.

तिघांपैकी कुणाकडेही गेलात तरी ओरिजिनल लायसन्स जमा करू नका, झेरॉक्स द्या. आणि रुजू होतानाच मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत ॲव्हरेज, शॉर्टेज, दंड, सगळं मुकाट ऐकून घ्यावं लागतं. अगदीच गरज असली तर महिन्याला किती कापणार आणि मध्येच सोडलं तर उरलेले कसे फेडायचे, हे गाडीची चावी घेण्याआधी लिहून घ्या.